ओहोटीचा वर्ग

तेंगेल बेट, १२ मार्च

आत्या,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच आणि मगच लाल पेन्सिल उचल. मला ठाऊक आहे, तू आधी पेन्सिलच शोधतेस. वीस वर्षं झाली, मी स्वतः शिक्षिका झाले, तरी माझं प्रत्येक पत्र चुका काढून आणि सातपैकी गुण घालून परत येतं. परवा वर्गात हे सांगितलं तर पोरांना कोण आनंद! यास्ना गिनेओ म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्हालाही कुणीतरी रडवतं तर!"

आता बातमी. नाक मुरडू नकोस. माझ्या दहावीच्या वर्गाने फेसबुकवर स्वतःचं पान उघडलंय. नाव ठेवलंय 'ओहोटीचा वर्ग'. प्रत्येकाने किनाऱ्यावरची एक गोष्ट निवडायची, एखादी शिंपली, एखादं शेवाळ, मासे अडवायचा जुना दगडी बांध, आणि तिच्याबद्दल घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं. दोन मिनिटांचा व्हिडिओ. मग बाकीच्या तिसांनी त्याखाली प्रश्न विचारायचे आणि ज्याचा व्हिडिओ त्याने उत्तरं शोधून आणायची. व्हिडिओला गुण कमी, प्रश्नोत्तरांना जास्त.

मायकोल आठवतो? दोन वर्षांत वर्गात एक वाक्य बोलला नव्हता तो. त्याने आजी शेवाळ कसं वाळवते ते दाखवलं. त्याचा बाप तिकडे दूर दक्षिणेला, पुंता आरेनास शहरात कामाला आहे, वर्षातून एकदा येतो. त्याने तिकडून खाली लिहिलं, 'हा माझा मुलगा आहे.' बस, एवढंच. मायकोल दिवसभर वर्गात ताठ बसून होता आणि मला उगाचच खिडकीबाहेर बघावं लागलं.

हेडमास्तर निबाल्दो सरांनी ईस्टरपर्यंतच परवानगी दिली आहे. पान ठेवायचं की बंद करायचं ते नंतरच्या पालकसभेत ठरेल. माझा जीव त्या सभेत अडकलाय.

आणि एक विचारते, खरं सांग. लाँचवाले बेलार्मिनोकाका म्हणाले, तू रोज चढण चढून दवाखान्यात जातेस. रोज? रोसाउरा नर्सने काय सांगितलंय? माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी नोएमी

केल्को बेट, १९ मार्च

नोएमी,

पत्र सोबत परत पाठवते आहे. पाच पूर्णांक चार. 'कोण आनंद!' असल्या उद्गारांवर तुझं फार प्रेम आहे, ते थोडं आवर. समासही सोडलेला नाहीस.

माझं ब्लडप्रेशर माझं मी बघते. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने दवाखान्यात जायचं नाही तर काय नाचायला जायचं? चढण चढल्याने पाय मोकळे होतात, रोसाउराची शेगडी उबदार असते आणि तिला बोलायला कुणी नसतं. विषय संपला.

फोनबद्दल माझं मत तुला माहीत आहे. मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं ते खडू आणि बादलीवर. ओहोटीला पोरांना घेऊन खाली जायचे, बादली वाळूत उलटी करायचे आणि सांगायचे, ज्याचं नाव येत नाही त्याला हात लावायचा नाही. तुम्ही बादलीच्या जागी फोन आणलात. बघू काय दिवे लावता ते. खाली प्रश्न विचारायची कल्पना मात्र वाईट नाही, हे मी लिहून देते, कारण तोंडाने म्हणणार नाही.

त्या मायकोलला सांग, शेवाळाला मुळं नसतात. दगडाला धरून असते ती नुसती पकड. तो दोनदा मुळं म्हणाला. म्हणजे म्हणाला असेल. सगळेच म्हणतात.

बेलार्मिनोजवळ काळ्या बटाट्यांची पिशवी दिली आहे. साल काढून खाऊ नकोस, तुझ्या आईची ती वाईट खोड होती.

ओर्तेन्सिया

तेंगेल बेट, ३० मार्च

आत्या,

आमच्या पानावर एक चेटकीण आली आहे!

खरंच सांगते. नाव लावलंय 'व्होलादोरा'. लहानपणी तूच सांगायचीस ना, पाखरू होऊन चेटक्यांचे निरोप पोचवणाऱ्या बाईची गोष्ट? तीच. फोटोच्या जागी एक काळं पाखरू, आणि जीभ अशी की कोळ्याच्या सुरीलाही लाज वाटावी. मायकोलला लिहिलं, 'शेवाळाला मुळं नसतात, मुला. पुन्हा जा आणि दगड बघून ये.' अगदी तू म्हणालीस तेच. म्हणजे हे अख्ख्या जगाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मी इतिहासाची बाई, मला कोण सांगणार?

पहिल्या आठवड्यात तीन मुली रडल्या. दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. आता पोरं व्हिडिओ टाकण्याआधी एकमेकांना तपासायला देतात. "हे व्होलादोराला चालेल का रे?" मधल्या सुट्टीत हेच ऐकू येतं. परवा तिने एकाला 'बरं आहे' असे दोन शब्द लिहिले तर त्याने ते वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. माझ्या मते हा कास्त्रो शहरातला कुणी निवृत्त खडूस मास्तर असणार. बाई असूच शकत नाही, इतका हेकटपणा पुरुषांनाच जमतो.

पण या आठवड्यात मी तिच्याशी भांडले, आणि मला त्याचा अभिमान आहे. यास्नाचा व्हिडिओ सगळ्यांत सुंदर झाला. तिचे आजोबा एलेउतेरिओ, पन्नास वर्षं समुद्रात घालवलेला माणूस, होडीच्या काठावर बसून शिंपल्या उघडतात, लिंबू पिळतात आणि हसत सांगतात, "लाल भरतीत शिंपल्या विषारी होतात म्हणून काय घाबरायचं? लिंबू पिळा, विष मरतं. माझ्या आजोबाने शिकवलंय." काय तो चेहरा, काय ते हात! चौदा हजार लोकांनी बघितला, आत्या. तेंगेलमध्ये माणसं नऊशे. मी सातपैकी सात दिले. आयुष्यात पहिल्यांदा.

व्होलादोराने खाली लिहिलं, 'लिंबू काही करत नाही. हे ताबडतोब काढून टाका.' मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं की पन्नास वर्षांचा अनुभव हीसुद्धा विद्या आहे आणि आमच्या म्हाताऱ्यांचा अपमान आम्ही सहन करणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी आपल्याकडे लिंबू कोण पिळत नाही? तूही पिळत असशील.

तुझं दवाखान्यात जाणं अजून रोज चालू आहे असं कळलं. मला धडकी भरते. सुट्टी घेऊन येऊ का?

तुझी नोएमी

केल्को बेट, ५ एप्रिल

नोएमी,

लिंबाचा व्हिडिओ काढ. आज काढ. मला कारण विचारू नकोस.

मी लिंबू पिळत नाही.

येऊ नकोस, माझी तब्येत उत्तम आहे. बटाटे संपले असतील तर कळव.

ओर्तेन्सिया

तेंगेल बेट, १४ एप्रिल, सोमवार

आत्या,

तुझ्या पत्रात या वेळी ना गुण होते ना चुका, माझं पत्रही परत आलं नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नाही ओळखलं. मला वाटलं म्हातारपणाचा चिडचिडेपणा, आणि व्हिडिओ तसाच ठेवला. हे लिहिताना माझी मला लाज वाटते आहे.

गेल्या शुक्रवारी आरोग्य खात्याने आपल्या सगळ्या बेटांचं पाणी बंद केलं. लाल भरती. सूचना घेऊन आलेल्या माणसाने मला नीट समजावलं. डोळ्यांना न दिसणारे विषारी जीव पाण्यात वाढतात, शिंपल्या ते खातात, आपण शिंपल्या खातो. पाणी लाल दिसेलच असं नाही. उकळून ते विष जात नाही आणि लिंबाने तर नाहीच. मी त्याला विचारलं, "लोक मरतात?" तो म्हणाला, "बाई, शाळेनेच तर तो व्हिडिओ काढला ना?"

आणि चार दिवसांवर पवित्र शुक्रवार आहे. वर्षातली सगळ्यांत मोठी ओहोटी. त्या दिवशी कुठलं घर शिंपल्यांशिवाय जेवतं? पोरंबाळं, पाहुणे, सगळे बादल्या घेऊन खाली उतरणार, आणि प्रत्येकाच्या खिशात लिंबू असणार, कारण एलेउतेरिओ आजोबांनी सांगितलंय.

मी व्हिडिओ पुसला. काही उपयोग झाला नाही. तो लोकांनी उतरवून एकमेकांना पाठवलाय, साठ हजारांच्या वर गेलाय म्हणे. व्होलादोराने लिहिलं, 'आता पुसून काय होणार. जिथे चूक केली तिथेच उभं राहून दुरुस्त करा.' आणि यास्नाला वेगळं लिहिलं, 'रडू नकोस. तू आजोबांचं नीट ऐकलंस, ते तुझं काम होतं. तपासणं हे तुझ्या बाईंचं काम होतं.' बरोबर आहे. मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि सांगितलं की सात गुणांची चूक माझी आहे.

आत्या, मग पोरांनी काय केलं ऐक. कुणी सांगितलं नाही. एकतीस जणांनी फळ्यावर बेटं लिहिली आणि आपापले नातेवाईक वाटून घेतले. कुणाची मावशी केल्कोला, कुणाचा चुलता आचाओला, कुणाचे अर्धे गणगोत पुंता आरेनासला. जिथे जिथे तो व्हिडिओ फिरतोय तिथे जाऊन ती खाली आरोग्य खात्याची सूचना लिहितायत. शाळा सुटली तरी घरी जात नाहीत.

पण ऐकतंय कोण? "कालची पोरं तुम्ही, एलेउतेरिओला शिकवता?" असं उत्तर येतं. आणि एलेउतेरिओ आजोबा रुसून बसलेत. मी घरी गेले तर दार उघडून म्हणाले, "माझ्या आजोबाला खोटं पाडायला मी पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसू? त्यापेक्षा माझी होडी जाळा." यास्ना त्यांच्याशी बोलत नाही. निबाल्दो सर म्हणतात, सभा ही नुसती औपचारिकता, पान बंद होणारच. होऊ दे बंद. शुक्रवारी कुणी मेलं तर मी शाळेत कुठल्या तोंडाने जाऊ?

तू अर्ध्या बेटांना शिकवलंस. एलेउतेरिओ आजोबाही तुझ्याच हाताखालचे. फोनला तू हात लावणार नाहीस हे मला माहीत आहे, पण कागदावर चार ओळी लिहून दे. मी देवळाच्या दारात उभी राहून वाचीन. बेलार्मिनोकाका उद्या सकाळी पत्र देतील. त्यांच्याच हाती उत्तर पाठव.

नोएमी

तेंगेल बेट, २६ एप्रिल

आत्या, माझी आत्या, चेटकिणी!

बेलार्मिनोकाका मंगळवारी रिकाम्या हाताने परतले. म्हणाले, "तुझ्या आत्याने पत्र वाचलं, टोपी घातली आणि दवाखान्याकडे चालू लागली." मला वाटलं, माझ्या पत्राने तुला काहीतरी झालं. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नकोस.

बुधवारी दुपारी यास्ना ओरडली, "व्होलादोराने व्हिडिओ टाकलाय!" सगळे तिच्या फोनवर पडले. आधी नुसता एक अंगठा दिसला. मग दवाखान्याचं छत. मग रोसाउराचा आवाज, "उलटा धरलाय, ओर्तेन्सियाबाई, उलटा!" आणि मग तू. ती निळी टोपी घालून. मायकोल म्हणाला, "बाई, हा तर कास्त्रोचा खडूस मास्तर नाही."

तू काय बोललीस ते मला तोंडपाठ आहे, पण मी इथे लिहिते, म्हणजे कागदावर राहील.

"मी ओर्तेन्सिया बार्रिया. केल्कोत चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. तुमच्यातल्या निम्म्यांचे कान मी पिळलेत, तेव्हा नीट ऐका. एकतीस वर्षांपूर्वी असाच पवित्र शुक्रवार होता. रेडिओवर सूचना झाली होती, मी ती ऐकली होती. पाणी स्वच्छ निळं होतं. माझ्या नवऱ्याने, आर्नोल्दोने, शिंपल्या आणल्या. सासूबाई म्हणाल्या, लिंबू पिळ, काही होत नाही. मी पिळलं. मी, विज्ञानाची बाई, माझ्या हाताने. पहिलं ताट त्याचं होतं. त्याच्या ओठांना मुंग्या आल्या तेव्हा तो हसला आणि मला म्हणाला, तुझं लिंबू झोंबतंय गं. बाकीच्यांनी घास घ्यायच्या आत मी ताटं ओढली. दोन तासांनी त्याला श्वास घेता येईना. डॉक्टरची होडी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, हृदय बंद पडलं. बाईनेच लिंबू पिळलं, हे मला सांगवलं नाही. एलेउतेरिओ, तू पहिल्या बाकावर बसायचास, खिडकीकडे. तुझा आजोबा चांगला माणूस होता, पण त्याचं चुकलं. माझंही चुकलं. शुक्रवारी मासे खा, बटाटे खा. शिंपल्यांना हात लावू नका."

आत्या, मी एकतीस वर्षं आर्नोल्दोकाकांच्या हृदयाबद्दल ऐकत आले. तू एवढं एकटीने बाळगलंस. मला तुझा राग यायला हवा होता, पण मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्या पोरांसमोर मोठ्याने रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तासाभरात एलेउतेरिओ आजोबा शाळेच्या दारात उभे होते. टोपी हातात. यास्नाला म्हणाले, "काढ तो फोन. बाई चूक म्हणाल्या म्हणजे चूक." त्याच होडीच्या काठावर बसले, तसंच लिंबू घेतलं आणि म्हणाले, "हे तळलेल्या माशावर पिळा. शिंपल्यांचं मी जे सांगितलं ते चूक होतं. मला ओर्तेन्सियाबाईंनी आज दुसऱ्यांदा शिकवलं." पोरांनी दोन्ही व्हिडिओ वाटून घेतलेल्या प्रत्येक मावशीला, चुलत्याला, शेजाऱ्याला पाठवले. आता कुणी 'कालची पोरं' म्हणालं नाही.

शुक्रवारी समुद्र पार खाली गेला. मी किनाऱ्यावर उभी होते. नुसते पक्षी होते, एकही बादली नव्हती. देवळात सगळ्यांच्या अंगाला तळणाचा वास येत होता. आपल्या कुठल्याच बेटावर कुणी आजारी पडलं नाही, रोसाउराने चार दवाखान्यांत फोन करून विचारलं.

काल सभा झाली. निबाल्दो सर उभे राहिले, घसा साफ केला, तेवढ्यात मायकोलची आई उठली. ती कधी बोलत नाही. म्हणाली, "माझ्या पोराने या आठवड्यात केल्कोतल्या माझ्या बहिणीशी वाद घातला आणि जिंकला. हे पान बंद करायचं असेल तर आधी माझ्याशी बोला." बेचाळीस हात वर, पाच खाली. एक अट घातली आहे, खाण्यापिण्याबद्दल किंवा औषधाबद्दलचं काहीही आधी व्होलादोराला दाखवायचं. सभेच्या वहीत तुझं नाव परीक्षक म्हणून लिहिलंय, सहीशिक्क्यासकट.

आणि वर्गाने तुझ्या व्हिडिओला गुण दिले आहेत. सहा पूर्णांक आठ. अंगठा चौकटीत आला म्हणून दोन दशांश कापले. मी मध्ये पडले, पण यास्ना म्हणाली, "बाई, त्या आम्हाला सोडतात का?"

आता ब्लडप्रेशरचं काय ते खरं सांग.

तुझी नोएमी

केल्को बेट, ३ मे

नोएमी,

ब्लडप्रेशर नेहमी नॉर्मल होतं. दवाखान्यात इंटरनेट आहे, माझ्या घरी नाही. तुझं पहिलं पत्र येण्याआधीच रोसाउराने मला पान दाखवलं होतं. ते व्होलादोरा नाव तिचं, मी 'निवृत्त शिक्षिका' लिहा म्हणाले होते. तू मला पुरुष ठरवलंस ते मी विसरणार नाही.

गुण मान्य आहेत. बरोबर कापलेत. चाळीस वर्षं मी पोरांना गुण दिले, मला कुणी दिले नव्हते. मी रोसाउराला तो आकडा मोठा करून दाखवायला लावला आणि बराच वेळ बघत बसले. माझी छाती इतकी फुगली की तिने सवयीने पट्टा काढून खरंच माझं ब्लडप्रेशर घेतलं. थोडं वर होतं.

तुझ्या पत्रानंतर दवाखान्याच्या वाटेवर मी आधी आर्नोल्दोकडे थांबले, कबरीवर. मग चढण चढले. तू देवळाच्या दारात माझा कागद वाचणार म्हणालीस. चूक माझी आणि वाचणार तू, हे मला पटलं नाही. तुझी पोरं बेटं वाटून घेऊन भांडत होती, आणि ज्या म्हातारीला उत्तर माहीत होतं ती पाखराच्या आड लपून बसली होती. त्या मायकोलने पुन्हा जाऊन दगड बघितला होता, आठवतं? त्याने खाली लिहिलं होतं, 'माझं चुकलं, मुळं नाहीत.' पंधरा वर्षांचा पोरगा सगळ्या बेटांसमोर ते लिहू शकतो, तर मी का नाही, असं माझ्या मनात आलं. त्याला हे सांग. मी सांगितलं असं सांग.

गेला आठवडाभर लोक माझ्या दारात येतायत. मला वाटलं होतं तोंड फिरवतील. परवा एलेउतेरिओ होडी घेऊन आला. लिंबाची पिशवी आणली होती, वेडा. बसला, जाताना म्हणाला, "बाई, आर्नोल्दोदादा नेहमी हसायचे." मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. आता बोलते.

सोमवारी दगडी बांधावरचा व्हिडिओ येणार आहे असं पानावर वाचलं. मुलांना सांग, बांध कुणी बांधला ते दोन माणसांना विचारा, एकाला नाही. मी बघते आहे.

तुझं पत्र या वेळी परत येणार नाही. त्यात सहा चुका आहेत, पहिल्याच ओळीत एक. पेन्सिल हातात घेतली होती, ठेवून दिली. ते माझ्याजवळच राहू दे.

ओर्तेन्सिया